शिकूया : स्टॉलसाठी ॲक्रिलिकची भावपाटी



विक्री मेळाव्यात आपला स्टॉल लागतो, तेव्हा मी जरा मागे उभी राहून बघत असते. गिऱ्हाईक येतं, पापडाचं पाकीट हातात घेतं आणि भाव शोधतं. भाव आपण पुठ्ठ्यावर लिहिलेला असतो. पुठ्ठा वाऱ्यानं पालथा पडलेला असतो, नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागून अक्षर फुटलेलं असतं. ताई दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देण्यात गुंतलेली. मग ते माणूस विचारायला संकोचतं, पाकीट खाली ठेवतं आणि पुढच्या स्टॉलवर जातं. माल आपला चांगला असतो, पण भाव दिसत नाही म्हणून विक्री जाते. हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं.

मागच्या मेळाव्यात शेजारच्या स्टॉलवर काचेसारख्या पारदर्शक उभ्या पाट्या होत्या. आपल्या गटातल्या एका काकूंनी हळूच बोट लावून बघितलं. "काच हाय का गं ही? वाकवली कशी म्हणावं?" काच नव्हती ती, ॲक्रिलिक होतं. आणि वाकवलं कसं, हाच आजचा धडा आहे. आपण दोन वस्तू शिकणार आहोत. एक भावपाटी, जिला एकच वाक लागतो. दुसरी पायरी, म्हणजे मागच्या रांगेतली पाकिटं उंचावर दिसावीत म्हणून ठेवायचा छोटा उलटा 'यू'. तिला दोन वाक लागतात. पहिली जमली की दुसरी येतेच.

हे ॲक्रिलिक आहे तरी काय?

नाव मोठं आहे, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. पाठ करायची गरज नाही. हे एक प्रकारचं प्लास्टिक. काचेपेक्षा वजनाला निम्मं, आणि तरी साधारण ९२ टक्के उजेड आरपार जाऊ देणारं. १९३० नंतरच्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमध्ये ते बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्या आणि वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत याचंच असायचं. छताला गोलाई द्यायची तीसुद्धा गरम करूनच.

त्या विमानांमुळे एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. विमानावर गोळ्या लागल्या की छताचे तुकडे उडून वैमानिकांच्या डोळ्यांत जायचे. हॅरोल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा फारसा बिघडत नाही, शरीर त्यांना सहन करतं. मग त्यांनी विचार केला, मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात याचंच भिंग बसवलं तर? १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी पहिलं भिंग बसवलं. आपल्या गावागावांतल्या आज्या 'भिंगाचं आपरेशन' म्हणतात, त्याची सुरुवात ही. पुढे १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅब ही संस्था सुरू झाली आणि भिंगं भारतात स्वस्तात तयार होऊ लागली. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. दाताची कवळी गुलाबी हिरडीसारखी दिसते ना, ती हिरडीही याच घराण्यातली. सांगायचा मुद्दा, ही वस्तू परकी नाही, घरातल्या कुणाच्या तरी डोळ्यात नाहीतर तोंडात आधीच आहे.

आता ते वाकतं कसं? भाकरी आणि गूळ डोळ्यांसमोर आणा. भाकरी एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही. गुळाचं तसं नाही. ढेप फोडा, गरम करा, पातळ होतो. गार करा, पुन्हा घट्ट होतो. प्लास्टिकमध्येही या दोन जाती असतात. कुकरची काळी मूठ किंवा जुन्या विजेच्या बटणाचं काळं कव्हर ही भाकरीच्या जातीची. कितीही तापवा, मऊ होणार नाहीत, करपतील. ॲक्रिलिक गुळाच्या जातीचं. लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर लाख शेकून मऊ करतो, बांगडीला वळण देतो आणि गार होऊ देतो, तसंच हे. फक्त एक फरक लक्षात ठेवा. गूळ वितळतो, ॲक्रिलिक आपल्याला वितळू द्यायचं नाही. ते चामड्याच्या पट्ट्यासारखं लवचीक झालं की तिथंच थांबायचं.

सगळा धडा तापमानाचा आहे

पाणी १०० अंशाला उकळतं. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशाच्या पुढे ढिलं पडायला लागतं आणि नीट वाकवण्याजोगं होतं ते १५० ते १६० अंशांच्या आसपास. म्हणून उकळत्या पाण्यात बुडवून काही होत नाही, तो खटाटोप करू नका. आणि गॅसची ज्योत? ती हजार अंशांच्याही वर असते. म्हणजे पाणी कमी पडतं आणि ज्योत कितीतरी जास्त होते. आपल्याला हवी ती आच या दोघींच्या मधली आहे.

मी स्वतः पहिल्यांदा काय केलं ते सांगते, हसू नका. खोलीवर गॅसच्या बर्नरवर पट्टी धरली. अर्ध्या मिनिटात खालच्या बाजूनं बुडबुडे आले, सोड्याची बाटली हलवल्यासारखे. घाबरून तशीच वाकवली तर 'टक्' करून दोन तुकडे झाले. बाहेरून उकळत होती आणि आतून कच्ची होती. जाड भाकरी मोठ्या जाळावर टाकली की वरून करपते आणि आत पीठ राहतं, अगदी तसं. ॲक्रिलिकमधून उष्णता फार सावकाश आत जाते. तिला आत पोचायला वेळ द्यावा लागतो. शिवाय खोलीत असा उग्र वास भरला की संध्याकाळपर्यंत डोकं दुखत होतं. पट्टी पेटली नाही हे नशीब. ॲक्रिलिक पेटतं, आणि एकदा पेटलं की ज्योत बाजूला केली तरी जळत राहतं.

नंतर बीडला एका नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्या दुकानात बसून मी दोन दुपारी हे काम बघितलं. त्या दादांनी मला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "मॅडम, वाकवायची घाई नाही करायची, तिनंच वाकते म्हणलं पाहिजे." पुढचं सगळं त्या एका वाक्यात आहे.

आच कशानं द्यायची?

दुकानात बेंडिंग हीटर असतो. लांब पट्टीसारखी तापणारी तार, तिच्यावर शीट ठेवायचं, फक्त तेवढी एक रेघ तापते. उत्तम साधन आहे. पण मोबाईलवर अशा तारेचे घरगुती जुगाड फार फिरतात. शेगडीची तार खिळ्यांवर ताणली आणि वायर थेट बोर्डात खुपसली. तायांनो, हे करू नका. ती उघडी तार म्हणजे २३० व्होल्टचा उघडा करंट असतो. आपल्याकडे घरात अर्थिंग नीट असेलच याची खात्री नाही, खाली ओली फरशी, शेजारी लेकरं. एका पाटीसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. या बाबतीत मी कुणाचंही 'काही होत नाही गं' ऐकून घेणार नाही.

आपल्यासाठी बरी ती हीट गन. केस वाळवायच्या ड्रायरसारखी दिसते, पण ड्रायर नव्हे. ड्रायरच्या वाऱ्यानं ॲक्रिलिक वाकत नाही. हीट गनच्या तोंडातून ३०० ते ६०० अंशांपर्यंत गरम हवा येते. गाड्यांना रेडियम आणि फिल्म लावणाऱ्यांकडे ही असते. पहिल्यांदा भाड्यानं किंवा उसनी आणा, लगेच विकत घेऊ नका.

हिचा प्लग कुठं लावायचा हेही नीट समजून घ्या. गनवर वॅट लिहिलेले असतात. समजा १५०० वॅट आहे. भागिले २३०, म्हणजे साडेसहा ॲम्पिअर. २००० वॅटची असेल तर जवळपास पावणेनऊ. आपल्या घरातला मोबाईल चार्जिंगचा छोटा सॉकेट ५ किंवा ६ ॲम्पिअरचा असतो. त्यात लावली तर प्लग तापतो, काळा पडतो, आतून वितळतो. म्हणून १५-१६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट लागतो, फ्रिज किंवा पाण्याच्या मोटारीसाठी असतो तो. मोठ्या पिनेला कन्व्हर्टर लावून छोट्यात बसवायची नाही, आणि बाजारातलं बारीक वायरीचं एक्स्टेन्शनही नको.

बसायची जागा ओसरी किंवा अंगणातली सावली. बंद स्वयंपाकघरात नाही, गॅस सिलेंडरजवळ तर नाहीच. गरोदर बाई, दम्याचं माणूस आणि लेकरं लांब. पदर कमरेला घट्ट खोचा, साडी सुती असू द्या. हातात सुती जाड मोजे, नायलॉनचे नकोत, ते कातडीला चिकटतात. बाजूला बादलीभर माती आणि एक ओलं पोतं ठेवा. काही पेटलंच तर आधी बटण बंद, मग माती किंवा पोतं.

शीट निवडणं आणि कापणं

अख्खं शीट घ्यायची गरज नाही. बोर्डवाले, ट्रॉफीवाले यांच्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, तेच मागा. भावपाटीला ३ मिलिमीटर जाडी पुरे. पायरीवर चटणीच्या बरण्या ठेवणार असाल तर ५ मिलिमीटरचा तुकडा घ्या, नुसती पापडाची पाकिटं असतील तर ३ चालतं. दुकानदाराला 'कास्ट' शीट आहे का विचारा. दुसरं 'एक्स्ट्रूडेड' असतं, ते स्वस्त पडतं आणि लवकर मऊ होतं, पण नंतर तडे जायची त्याला जास्त सवय. आणि पारदर्शक दिसतं ते सगळं ॲक्रिलिक नसतं. पीव्हीसीचं शीट असेल तर ते तापवू नका, जास्त तापलं की त्यातून घशाला लागणारा विषारी वायू निघतो. ओळखता आलं नाही तर ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

मापं अशी. भावपाटीसाठी १० सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर लांब पट्टी. त्यातले १५ सेंटिमीटर तोंड, म्हणजे जिथं भाव दिसणार तो भाग. ९ सेंटिमीटर बैठक, ती मागच्या बाजूला जाणार. तोंड किंचित मागे झुकलं पाहिजे, म्हणजे उभ्या माणसाला वाचता येतं आणि पाटी पालथी पडत नाही. आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर हेच माप कापून, वाकवून, टेबलावर उभं करून बघा. पुठ्ठ्यात चुकलं तर फुकटात चुकलं.

कापायला हार्डवेअरच्या दुकानात ॲक्रिलिक कटर मिळतो, टोक चोचीसारखं असतं. स्टीलची पट्टी घट्ट धरून एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढायचं. जोर लावायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. जाडीच्या एक तृतीयांश खोल चर पडला की ती रेघ टेबलाच्या कडेवर आणा आणि बाहेरचा भाग एका झटक्यात खाली दाबा. कापताना डोळ्यांवर चष्मा हवा, नजरेचा असला तरी चालेल. कडा पॉलिश पेपरनं घासा, आधी जाड २२० नंबर, मग ४०० आणि ६००, पाणी लावून. घासणं आणि भोकं पाडणं हे सगळं वाकवायच्या आधी. आधी वाकवलं की नंतर पट्टी धरताच येत नाही, मी अनुभवलंय.

तुकडे उरले तर चुलीत घालू नका. प्लास्टिकचा कागद लावून चूल पेटवायची सवय आपल्याकडे आहे, ती तशीही सोडायला हवी. कतरण पिशवीत साठवा आणि दुकानदाराला परत द्या.

आता वाकवूया

एक लाकडी ठोकळा लागेल. सुताराकडून टाकाऊ लाकडाचा करून घ्या. त्याची एक कड ७० अंशांच्या कोनात तिरकी कापलेली हवी, म्हणजे काटकोनापेक्षा थोडी आत झुकलेली. ती कड पॉलिश पेपरनं जरा गोल करा. अगदी धारदार कोपरा ॲक्रिलिकला सोसत नाही, वाकाला थोडी गोलाई दिली तरच तो टिकतो. पायरीसाठी दुसरा ठोकळा साधा काटकोनी.

शीटवर दोन्ही बाजूंनी कागदाची किंवा प्लास्टिकची फिल्म असते. ती पूर्ण काढा. ब्लेडनं कापून अर्धी काढायला जाऊ नका, ब्लेडचा ओरखडा राहतो आणि नेमकं तिथंच तडकतं. बोटांचे ठसे असतील तर साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण वाळवा. ॲक्रिलिक थोडी ओल धरून ठेवतं आणि ओल असली की तापवताना बुडबुडे येतात. पावसाळ्यात तुकडे एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवून मग घ्या. १५ सेंटिमीटरवर दोन्ही कडांना पेन्सिलीनं छोटी खूण करा. मधून रेघ ओढू नका.

दोन लाकडी पट्ट्या घ्या, त्यांना डबा गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि मध्ये दीड-दोन सेंटिमीटरची फट सोडून ठेवा. ॲक्रिलिक त्यांच्यावर असं ठेवा की खूण बरोबर फटीवर येईल. वरूनही अशाच दोन फॉइलच्या पट्ट्या ठेवल्या तर उष्णता फक्त फटीपुरतीच लागते, बाकीची पाटी सपाट राहते.

गन सर्वांत कमी आचेवर. तोंड पट्टीपासून चार-पाच बोटं लांब. आणि हात थांबवायचा नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा फिरवायचा, जशी आपण सारवताना हाताची फेरी घेतो. वीस-तीस सेकंदांनी पट्टी उलटायची आणि दुसऱ्या बाजूनं तसंच. पुन्हा उलटायची. वाकाची जी बाजू बाहेर येणार आहे, ती शेवटी तापवायची, कारण वाकताना तिलाच ताण बसतो.

किती वेळ? मला सगळ्या ताया हेच विचारतात. घड्याळ लावून सांगता येत नाही. गन वेगळी, शीट वेगळं, अंगणातला वारा वेगळा. पाक झाला की नाही हे तुम्ही घड्याळ बघून ठरवता का? बोटाला तार बघता. तसंच इथं आहे. पट्टी एका टोकाला धरून जरा वर उचला. दुसरं टोक ताठ राहिलं तर अजून वेळ आहे, परत ठेवा. ते आपोआप मान टाकू लागलं, म्हणजे तयार. जोर लावावा लागतो तोवर ती कच्ची असते, हे पक्कं धरा.

मान टाकली की रेंगाळायचं नाही. पट्टी उचलून ठोकळ्यावर ठेवा, शेवटी तापवलेली बाजू वर, खूण कडेवर. बैठकीचा भाग हळू आणि एकसारखा खाली दाबा, ठोकळ्याच्या तिरक्या बाजूला टेकेपर्यंत. वरून सपाट फळी लावून धरून ठेवा. आणि आता पुन्हा थांबायचं, दोन-तीन मिनिटं, हाताला कोमट लागेपर्यंत. कुणीतरी म्हणतंच, "पाणी मारा की वरून, लवकर गार होईल." मारू नका. एकदम गार झालं की आत ताण राहतो आणि महिन्याभरानं वाकावर बारीक तडे दिसतात.

मध्येच लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. पट्टी वाकवायला घेऊ नका, तशीच ठेवून द्या. लाईट आली की परत तापवा. गुळाची जात आहे, रुसत नाही.

बिघडलं तर पट्टीच कारण सांगते. बुडबुडे आले, म्हणजे गन जवळ होती, हात थांबला किंवा ओल होती. वाकावर पांढुरकी रेघ किंवा तडा, म्हणजे घाई केली. पाटी तिरकी उभी राहिली, म्हणजे एक कड जास्त तापली आणि दुसरी कमी. बहुतेक वेळा उजव्या हाताकडची जास्त तापते. वाकाच्या दोन्ही टोकांना बारीक कान बाहेर येतात, ते मात्र चूक नव्हे, पॉलिश पेपरनं घासून टाका. पहिल्या चार पट्ट्या वाया जाणार असं धरूनच बसा. माझ्या सहा गेल्या.

पायरीसाठी १२ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब पट्टी. दोन्ही टोकांपासून ८ सेंटिमीटरवर खुणा. आधी एक वाक, तो पूर्ण गार झाला की दुसरा, दोन्ही एकाच दिशेला. ५ मिलिमीटरला वेळ बराच जास्त लागतो, तेव्हा ३ मिलिमीटरवर हात बसल्याशिवाय तिच्याकडे वळू नका.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दोन तुकडे चिकटवले तर? ॲक्रिलिक चिकटवायला बऱ्याच ठिकाणी क्लोरोफॉर्म वापरतात, सुईनं सांध्यात सोडतात. सांधा पक्का होतो, पण त्याची वाफ घेणं अंगाला वाईट आहे आणि ते घरात ठेवायची वस्तू नाही. वाकवलेल्या पाटीला सांधाच नसतो. मी वाकवायला शिकवते आहे ते मुख्यतः याच कारणासाठी.

तयार पाटी पुसायची ती साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडक्यानं. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर किंवा काच पुसायचा फवारा लावू नका, वाकाजवळ जाळीसारखे तडे पडतात. कोरड्या फडक्यानं धूळ घासली तर चरे पडतात. आणि ज्यांचा स्टॉल भाकरी-ठेच्याचा आहे त्यांनी पाटी तव्यापासून लांब ठेवा, नाहीतर तीही मान टाकेल.

हिशोब आणि कर्जाचं बोलणं

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत प्रस्ताव आला. बाहेरचा एक माणूस म्हणत होता, ॲक्रिलिकच्या वस्तूंचं मशीन घ्या, प्रशिक्षण आम्ही देतो, तयार मालही आम्हीच परत विकत घेतो. मशीनची किंमत लाखात. गटातल्या दोघी अंतर्गत कर्जासाठी अर्ज करायला निघाल्या होत्या. त्या बैठकीत मी नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण मला स्वतःलाच हे काम माहीत नव्हतं. खरं तर त्यामुळंच मी त्या दुकानात जाऊन बसले.

आता आकडे मांडून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गावच्या भावानं बदलून घ्या. समजा एका भावपाटीच्या तुकड्याला २५ रुपये पडले. कापणं, घासणं, वाकवणं मिळून नवशिक्या बाईला ४० मिनिटं लागली. आठ तासांची मजुरी ३०० रुपये धरली तर तिच्या ४० मिनिटांचे २५ रुपये होतात. गन १५०० वॅटची, पाच मिनिटं चालली, म्हणजे युनिटचा आठवा भाग. दहा रुपये युनिट धरलं तर सव्वा रुपया. झाले सव्वा एक्कावन्न. पाचातली एक पट्टी वाया जाते असं धरलं, तर चार चांगल्या पाट्यांवर पाचांचा खर्च बसतो, म्हणजे पाटीमागे साधारण ६४ रुपये. गन १५०० रुपयांना घेतली आणि शंभर पाट्या केल्या, तर आणखी १५ रुपये. एकूण ७९.

आता बाजारात जाऊन साच्यातली तयार पाटी कितीला मिळते ते विचारा. ती ७९ च्या खाली मिळत असेल, तर विक्रीसाठी पाट्या करण्यात आपली मजुरीसुद्धा सुटत नाही. बघा, बहुतेक बाया या हिशोबात स्वतःचे २५ रुपये लिहीतच नाहीत. मग धंदा नफ्यात दिसतो आणि बाईचे हात फुकट जातात. हिशोब वहीत तो आकडा आधी लिहा. क्यूआर कोडचा स्टँड तर कितीतरी दुकानदारांना पैसे भरायच्या ॲपवाले स्वतःच देऊन जातात, तो आपल्याकडून कोण घेणार?

माझं मत विचाराल तर असं आहे. स्वतःच्या स्टॉलसाठी, आपल्या बरणीच्या, आपल्या पाकिटाच्या मापाचं करायचं असेल तर जरूर शिका. गावातल्या किराणा दुकानानं, मेडिकलवाल्यानं त्याच्या मापाचं काही करून मागितलं तर तेही करा, कारण तसं माप साच्यात मिळत नाही. पण कर्ज काढून मशीन घ्यायचं नाही. 'माल परत घेऊ' म्हणणाऱ्याला एकच सांगायचं, आधी वीस नगांची लेखी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम द्या, मग बोलू. त्या माणसाला आम्ही हेच सांगितलं. तो परत आलेला नाही.

प्रभाग संघाच्या कार्यालयात एक हीट गन, दोन्ही ठोकळे आणि कटर ठेवले आहेत. रजिस्टरमध्ये गटाचं नाव लिहून दोन दिवसांसाठी नेता येतील. ऊसतोडीला गेलेल्या तायांना वाटायला नको की आपलं राहिलं, त्या परत आल्यावर सराव पुन्हा घेऊ. येताना पुठ्ठ्यावर कापलेलं आपल्या स्टॉलचं माप, सुती मोजे आणि ज्या पाकिटासाठी पाटी हवी आहे ते पाकीट, एवढं घेऊन या. शीटचे तुकडे मी आणते. आणि माझ्या त्या सहा बिघडलेल्या पट्ट्याही टेबलावर ठेवलेल्या असतील, हातात घेऊन बघा.